दोन मिनिटं हसायचं नाही

आमच्या पुएर्तो मोहार्रात जी बाई कुणाला शिकवते किंवा कुणाला सुई टोचते, ती मरेपर्यंत 'सेन्यो' असते. नोएमी पेर्तुसनं यातलं काहीच केलं नव्हतं. ती शहरातल्या विद्यापीठात शिकली, नावापुढे डॉक्टर लावण्याइतकी शिकली, आणि गावी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात लोकांना कळलं की ही डॉक्टरीण ताप बघत नाही, गोळी देत नाही, जीभसुद्धा बाहेर काढायला सांगत नाही. मग हिला हाक तरी काय मारायची? म्हणून सेन्यो.

"मग तू करतेस तरी काय, पोरी?" न्हाव्यानं तिला भर रस्त्यात, एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावलेला असताना विचारलं होतं.

"बाळंतिणीचं आणि तान्ह्या बाळाचं मन कसं आहे, ते बघते. त्यावर संशोधन करते."

"तीन महिन्यांच्या पोराला मन?" न्हावी म्हणाला. "त्याला पोट असतं. आणि फुप्फुसं असतात. माझ्या शेजाऱ्याच्या पोराला तर नुसती फुप्फुसंच आहेत."

यावर साबणवाला गिऱ्हाईकसुद्धा हसलं. नोएमीही हसली. तिचं हे एक होतं, की तिच्यावर केलेला विनोद तिला सगळ्यांच्या आधी आवडायचा.

तिची आई फिदेलिआ मावशी धक्क्यावर अरेपा तळायची. मक्याची चकती तेलात टम्म फुगली की तिचं पोट फाडून त्यात अंडं सोडायचं आणि पुन्हा तळायचं, हे काम डोळे मिटून करणारी धक्क्यावरची ती एकटी. तिची तक्रार साधी होती. "पोरगी या कढईवर शिकली. मला वाटलं, माझे गुडघे तरी बघेल. तर ही पोरं बघते! अरे, पोरं मीसुद्धा बघितली, सात बघितली. मला कुणी पदवी दिली नाही."

नोएमी किडकिडीत होती, मान लांब, हातात नेहमी छत्री. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही यावर गावात एकमत होत नसल्यामुळे तो विषय कधी शिळा झाला नाही. कुणाच्याही घरी गेली की आधी बाळाला नमस्कार करायची, मग आईला. बाळाला विचारायची, "काय बाईसाहेब, आज मासे खाल्ले की नाही?" आणि मग थांबायची. खरोखर थांबायची. बाळ काहीतरी 'अंग्ग' करेपर्यंत पुढचा प्रश्न नाही. तोवर घरची माणसं एकमेकांकडे बघत उभी. आमच्या गावात उत्तराची वाट बघणारं माणूस आधीच दुर्मीळ, आणि त्यातही तान्ह्या पोराच्या उत्तराची!

या सगळ्यात माझा संबंध आला तो कॅमेऱ्यामुळे. मी एदिन्सोन, लग्नं आणि पोरींचे पंधरावे वाढदिवस यांचं चित्रण करतो. एक दिवस नोएमी दुकानात आली.

"तुझ्याकडे दोन कॅमेरे आहेत ना?"

"आहेत. त्यातला एक चालतो."

"मला दोन लागतील. एक आईवर, एक बाळावर."

चालत नसलेला मी चालता करून घेतला आणि आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत, लशींच्या फ्रिजशेजारी, आमचं काम सुरू झालं. काम असं. आईनं खुर्चीवर बसायचं, समोर टेबलावर बाळ, टेकून ठेवलेलं. पहिली दोन मिनिटं आईनं घरी खेळवते तसं खेळवायचं. मग नोएमी घंटी वाजवणार. पुढची दोन मिनिटं आईनं बाळाकडे बघायचं, पण चेहरा दगडाचा. हसायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. पुन्हा घंटी, पुन्हा खेळ. एवढंच.

"आणि बाळानं काय करायचं?" मी विचारलं.

"त्याला जे करायचं ते. आधी ते आईला हसवायला बघतं. मग हातपाय झाडतं. मग चिडतं, आणि मग रडतं. रडलं की मला बरं वाटतं, एदिन्सोन. रडणं म्हणजे तक्रार. आणि तक्रार कोण करतं? ज्याला खात्री असते की कुणीतरी ऐकेल."

"असं असेल तर विजेच्या ऑफिसात रोज जाणारं आपलं गाव भलतंच आशावादी म्हणायचं."

"आहेच," ती म्हणाली.

आता मुद्दा असा, की ही युक्ती ज्या कुणी शोधून काढली त्यानं आमच्या किनाऱ्यावरच्या बायका पाहिलेल्या नव्हत्या. इथे बाई मासे मोजते तेव्हासुद्धा तिच्या भुवया नाचतात. मयताला गेली तरी चेहऱ्यावर निदान चार गोष्टी एकदम चाललेल्या असतात. तिला दोन मिनिटं चेहरा हलवू नको म्हणणं म्हणजे नदीला म्हणणं, जरा बस, मी आलोच. पहिली आई घंटी वाजायच्या आधीच फिस्कन हसली. दुसरीनं चेहरा ठेवला दगडाचा, पण टेबलाखाली तिचा पाय ताल धरत होता आणि बाळ तालावर डोलत होतं. तिसरीनं अर्धं अंतर काटलं आणि मग "अगं माझ्या राणी, माझ्या साखरेच्या ढेकळा!" करून झेपच घेतली. बाळ दचकलं, कॅमेरा पडता पडता वाचला.

शिवाय दृष्टीचा प्रश्न. आमच्याकडे लेकराकडे टक लावून बघितलं आणि "देव भलं करो" म्हटलं नाही, तर दृष्ट लागते. त्यासाठी मनगटात काळा मणी असतोच, पण तो परक्यांसाठी. सख्ख्या आईनंच मुकाट्यानं टक लावली तर मणी बिचारा काय करील? त्यामुळे ज्या बायकांना चेहरा स्थिर ठेवणं जमायला लागलं, त्या ओठ न हलवता पुटपुटायला लागल्या. माझ्या चित्रणात कितीतरी आया दगडासारख्या बसल्यात आणि खोलीत कुठूनतरी "देव भलं करो, देव भलं करो" असा भुंग्यासारखा आवाज येतोय. एका आजीला तेवढ्यानंही भागलं नाही. ती दार लोटून आत आली, लाल लिपस्टिकनं नातवाच्या कपाळावर क्रूस काढला, नोएमीच्या कपाळावरही काढला, आणि मला म्हणाली, "तुला नको. तुझ्याकडे कोण बघतंय?"

शहरातल्या प्राध्यापकांनी चित्रण पाहून विचारलं, तुमच्याकडच्या बायकांना सूचना नीट समजत नाहीत का? नोएमीनं सांगितलं, सूचना समजतात हो, पण बाळ समोर असताना त्या त्यांना पटत नाहीत.

अशात एका सकाळी तुलिआ काकू आपल्या सुनेला घेऊन आल्या. तुलिआ काकू म्हणजे जाळी विणणारं घर, मोठा आवाज, मोठं मन, आणि वाढायला बसल्या तर मोठा डाव. मुलगा नदीच्या वरच्या अंगाला ताडतेलाच्या मळ्यात कामाला, वर्षातून कधीमधी यायचा. सून युरानिस, वीस-बावीसची, मितभाषी. आणि नात सालोमे, चार महिन्यांची, गुबगुबीत, कानात इवले सोन्याचे ठिपके.

"सेन्यो, हिचं घ्या चित्रण," काकू म्हणाल्या. "लंगोटांचं पाकीट मिळतं म्हणे. आणि माझी नात सोनं आहे बघा. रडत म्हणून नाही."

खोलीला जाळीची खिडकी होती आणि खिडकीला बायका चिकटलेल्या. लशीसाठी आलेल्या सगळ्यांचं फुकटचं नाटक तेच होतं. युरानिस बसली. पहिली दोन मिनिटं तिनं खुळखुळा वाजवला. घंटी झाली. तिनं खुळखुळा मांडीवर ठेवला आणि समोर बघितलं.

आणि काहीच हललं नाही.

भुवई नाही, ओठ नाही, टेबलाखालचा पाय नाही. "देव भलं करो"सुद्धा नाही. खिडकीतल्या बायका आधी कुजबुजत होत्या, मग गप्प झाल्या, मग श्वास रोखून बघायला लागल्या. सालोमेनं आईकडे एकदा पाहिलं. मग मान वर केली आणि छताच्या पंख्याकडे बघत राहिली. पंखा फिरत होता, ती बघत होती. घंटी वाजली तशी खिडकीत टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पुतळा गं पुतळा! चर्चमध्ये ठेवा हिला!"

"माझी सून आहे!" तुलिआ काकू ओरडल्या. "आणि नात बघा! हूं की चूं नाही!"

खोटं कशाला बोलू, मीही अंगठा वर केला. इतक्या दिवसांत पहिलं बिनचूक चित्रण. नोएमीनं मात्र वर पाहिलं नाही. ती हळू म्हणाली, "आता पुन्हा खेळव, युरानिस." युरानिसनं खुळखुळा उचलला.

दुपारी दुकानात आम्ही ते पडद्यावर लावलं. नोएमीनं आवाज बंद करायला सांगितला. "आता मला दाखव, पहिला भाग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो."

मी म्हटलं, त्यात काय. मी असा माणूस की पाहुण्यांच्या चेहऱ्यावरून सांगतो, केक कापला गेलाय की अजून बाकी आहे. मी पुढे नेलं, मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं. हात खुळखुळा हलवत होता तो पहिला भाग, हात मांडीवर तो दुसरा. पण हात सोडून फक्त चेहरे बघितले तर मला सांगता येईना. आईचा चेहरा तोच होता. बाळ तिन्ही भागांत पंख्याकडे बघत होतं.

"रडली नाही," मी म्हणालो. "शहाणी असेल."

"तिनं विचारणं सोडून दिलंय," नोएमी म्हणाली.

ती पुन्हा पहिल्यापासून बघत राहिली. मी एका मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या चित्रणातले फुगे जुळवत बसलो आणि मला ते फुगे आवडेनात.

गावात मात्र युरानिसची कीर्ती झाली. बाजारात लोक तिला म्हणायचे, "ए पुतळे, जरा हलून दाखव!" आणि ती विनंतीला मान दिल्यासारखी किंचित हसायची. सालोमेला 'संत सालोमे' नाव पडलं. ज्यांची पोरं रडायची त्या बाया तुलिआ काकूंना गुपित विचारू लागल्या आणि काकू गंभीरपणे सांगू लागल्या की सगळं कोंबडीच्या रश्श्यावर आहे.

नोएमी काकूंशी बोलायला गेली. मी तिला मोटारसायकलवरून नेऊन सोडायचो, कारण छत्री धरून चालणाऱ्या बाईलासुद्धा आमचं ऊन वितळवून टाकतं. मग दारात किल्ली फिरवत उभा राहायचो.

"काकू, युरानिस आजारी आहे."

"कुठे? ताप नाही, खोकला नाही. दूध भरपूर. स्वयंपाक करते, भांडी घासते."

"आतून आजारी आहे. बाळंतपणानंतर होतं असं काहींना. आई बाळाजवळ असते, पण पोचत नाही. आणि बाळ थोडे दिवस हाका मारतं, मग गप्प होतं."

तुलिआ काकूंनी जाळ्यातली सुई थांबवली. त्या वाईट बाई नव्हत्या. खरं तर त्यांच्याइतकं कुणी सुनेचं केलं नसेल. बाळंतपणात चाळीस दिवस तिला चुलीजवळ जाऊ दिलं नाही, रोज रस्सा, रोज डोक्याला फडकं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा राबता, की बाळंतीण आनंदात राहावी.

"सेन्यो, मी अकरा काढली. अकराही बोंबलायची. एकाला गप्प करेपर्यंत दुसरं. तेव्हा मी देवाला म्हणायची, एक तरी शांत लेकरू दे. आता पन्नाशीनंतर दिलंय, तर तुम्ही म्हणता तो आजार आहे!" मग सुनेकडे वळून त्या मायेनं म्हणाल्या, "हास गं बाई, सेन्योला दाखव. हसलं नाही तर दूध आटतं."

युरानिस हसली. नोएमीनं मान खाली घातली.

मग टेलिफोनचं पर्व सुरू झालं. शहरात या आजाराच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्याकडे पाठवायचं तर विमा कार्यालयाची परवानगी हवी. विमा कार्यालय म्हणालं, युरानिसचं नाव नवऱ्याच्या मळ्याकडच्या केंद्रात आहे, तिथून पाठवा. मळ्याच्या केंद्राला विचारलं तर तिथे कोयत्याच्या जखमा आणि सापाचे दंश एवढंच बघतात. नाव इकडे आणायचं तर नवऱ्यानं स्वतः येऊन सही करायची. नवऱ्याला रजा नाही. घरी फोन लागत नाही म्हणून नोएमी धक्क्यावर आईच्या कढईशेजारी उभी राहून बोलायची, आणि बोलायची म्हणजे काय, वाट बघायची. पलीकडून एक वाजंत्री लागायची, तीच तीच. काही दिवसांत ती धून सगळ्या धक्क्याला पाठ झाली. हमाल पोती उतरवताना ती गुणगुणायचे. फिदेलिआ मावशी तिच्या ठेक्यावर अरेपा उलटायची.

"मी म्हटलं होतं गुडघे बघ," ती लेकीला म्हणायची. "गुडघ्यांना परवानगी लागत नाही." पण गर्दी कमी झाली की एक गरम अरेपा कागदात गुंडाळून युरानिससाठी द्यायची. "खाते का ती?"

"खाते. चव लागत नाही तिला."

"माझी अरेपा खाऊन चव लागत नाही?" मावशीचा चेहरा पडला. इतके दिवस लेकीनं समजावून सांगितलेलं तिला पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं. "मग खरंच काहीतरी आहे गं."

एका दुपारी नोएमी युरानिसच्या स्वयंपाकघरात मासे साफ करायला बसली होती. खवले काढत होती, पहिला मासा तव्यावर होता. सालोमे झोळीत, डोळे उघडे. काकू बाहेर जाळ्यात. युरानिसनं एकाएकी विचारलं, "सेन्यो, ते पुन्हा करता येईल का?"

"काय गं?"

"ते दोन मिनिटांचं. घंटी वाजवून."

"पुन्हा कशाला?"

युरानिसनं हातातला मासा खाली ठेवला. "बाळंत झाल्यापासून सगळे म्हणतात, हास. सासूबाई म्हणतात, शेजारी म्हणतात, नवरा फोनवर म्हणतो, हसतेस ना? तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, हसायचं नाही. मला इतकं बरं वाटलं, सेन्यो. खोलीतून बाहेर येऊच नये असं वाटलं."

मी दारात किल्ली फिरवायचा थांबलो. ज्या दोन मिनिटांत बाकीच्या बायकांचा जीव गुदमरला होता, ती या पोरीला सुट्टी वाटली होती.

"करू की," नोएमी म्हणाली. "इथेच करू. घंटी नको." तिनं हात धुतले, सालोमेला झोळीतून उचलून आपल्या मांडीवर घेतलं, आणि युरानिसला खुर्ची दाखवली. युरानिस बसली. चेहऱ्यावरून सगळं उतरवून ठेवून, भिंतीकडे बघत, नुसती बसली. नोएमी सालोमेशी बोलत राहिली, विचारत राहिली, थांबत राहिली. सालोमे झोळीच्या दोरीकडे बघत राहिली. तव्यावरचा मासा करपला तरी कुणी उठलं नाही. उठवलं ते तुलिआ काकूंच्या आरोळीनं.

"सेन्यो, तुम्ही माझ्या सुनेला शिकवताय तरी काय? नुसतं बसायला?"

"हो, काकू."

"मग मलाही शिकवा!" काकू हसून म्हणाल्या, आणि करपलेला मासा स्वतः खाल्ला.

असं ते रोज चाललं. त्यानं काही बरं झालं असं मी म्हणणार नाही, कारण नोएमी म्हणाली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मी औषध नाही, एदिन्सोन. मी बुडणाऱ्याचा हात धरून काठावर उभी आहे, आणि होडीवाला म्हणतो, सही आणा."

शेवटी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी कुठल्याशा सवलतीतून, विम्याशिवाय, पुढल्या महिन्याअखेरची तारीख दिली. त्या संध्याकाळी फिदेलिआ मावशीनं अख्ख्या धक्क्याला फुकट अरेपा खायला घातल्या. आणि त्याच आठवड्यात युरानिसच्या नवऱ्याचा निरोप आला: मळ्यात खोली मिळाली, बायकोला आणि पोरीला पाठवून द्या.

तुलिआ काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "हेच होतं बघा दुखणं! नवऱ्याची आठवण. आता बघा कशी फुलते."

"काकू, तारखेपर्यंत थांबू दे. हात जोडते."

"नवरा बोलावतोय आणि मी सुनेला तारखेसाठी अडवून ठेवू? गाव काय म्हणेल मला? तारीख तिकडेही येईलच की, तारखा काय फक्त इथेच असतात?"

नोएमी युरानिसकडे वळली. "तुला काय वाटतं, युरानिस?"

युरानिसनं खूप विचार केला. मग म्हणाली, "मला काही वाटत नाही, सेन्यो." आणि ते उत्तर इतकं खरं होतं की पुढे विचारायला काही उरलं नाही.

तारीख आली आणि गेली. मळ्यातल्या फोनवर कुणी येत नव्हतं. संशोधनाचे दिवस संपले, आरोग्य केंद्रानं खोली परत घेतली, लशींच्या फ्रिजशेजारी आता झाडू ठेवतात. प्राध्यापकांनी कळवलं की युरानिसचं चित्रण फार मोलाचं आहे. नोएमीनं मला ते सांगितलं आणि विचारलं, "रविवारी मोकळा आहेस?"

आम्ही पहाटेच्या लाँचनं गेलो. पलीकडे तीनचाकी मोटार घेतली. दोन्ही बाजूंना तेलाचे ताड, सगळे एकसारखे, एका रांगेत, एका उंचीचे. असं वाटावं की एकच झाड आपल्याबरोबर पळतंय. मजुरांच्या खोल्याही तशाच. युरानिसची खोली शोधायला आम्हाला विचारावं लागलं.

"पोरीची आई? ती शेवटची," शेजारीण म्हणाली. "आठवडाभर आम्हाला कळलंच नाही की तिथे तान्हं लेकरू आहे. इतकी गुणी."

युरानिस आम्हाला बघून उठली, कॉफी ठेवली. केस विंचरलेले, खोली झाडलेली. नवरा पाळीवर गेलेला. "सासूबाई बऱ्या आहेत?" तिनं विचारलं. "गुडघे?" कुणाचे गुडघे हे तिला नक्की आठवत नसावं. कॉफी देऊन ती हॅमॉकमध्ये बसली.

नोएमी जमिनीवर सालोमेसमोर बसली. सालोमे आता उशीला टेकून बसायला लागली होती. "काय सालोमेबाई, आज मासे खाल्ले की नाही?" नोएमीनं विचारलं, आणि थांबली. सालोमे दारातल्या उजेडाकडे बघत होती. नोएमी थांबली. पुन्हा विचारलं, पुन्हा थांबली. मी कॉफी संपवली. बाहेर कुणीतरी रेडिओ लावला, कुणीतरी बंद केला. ऊन उंबऱ्यावरून आत आलं आणि खोलीभर सरकलं. इतक्या वेळात मी दोन लग्नं उरकली असती.

केव्हातरी सालोमेची नजर उजेडावरून नोएमीच्या गळपट्टीवर आली. तिथून हनुवटीवर. मग बिजागरी कुरकुरावी तसा एक आवाज आला. नोएमीनं तसाच आवाज काढला. सालोमेनं भुवया वर केल्या आणि पुन्हा काढला. नोएमीनंही काढला. डॉक्टर नोएमी पेर्तुस आणि ती पोर मळ्यातल्या त्या खोलीत गंजलेल्या दारांसारख्या एकमेकींशी बोलत बसल्या. हॅमॉकमधून युरानिस बघत होती, रस्त्यावरून दुसऱ्याची मिरवणूक बघावी तशी.

तीनचाकीवाल्यानं भोंगा वाजवला. शेवटची लाँच. नोएमी उठली.

सालोमेचा खालचा ओठ आधी पुढे आला. मग सगळा चेहरा गोळा झाला, आणि ती रडली. अशी तशी नाही, तुलिआ काकूंच्या अकरांना शोभेल अशी बोंब मारून रडली. शेजारणी दारात धावत आल्या.

"हे काय, सेन्यो! इतकी गुणी पोर, एका दिवसात लाडावून ठेवलीत!"

नोएमी उंबऱ्यात उभी होती, एक पाय आत, एक बाहेर. ज्या आवाजाची ती इतके महिने वाट बघत होती तो आवाज आला होता, पण तो आईसाठी यायला हवा होता आणि आला होता तिच्यासाठी.

"रडतेय," युरानिस म्हणाली. दुसऱ्या गावात पाऊस पडतोय असं सांगावं तसं.

"हो, युरानिस! रडतेय!" नोएमीनं सालोमेला उचललं आणि युरानिसच्या मांडीवर ठेवलं. पोर अजून जोरात ओरडली, हात नोएमीकडे. "ती काहीतरी मागतेय. कळलं? मागतेय."

"मी काय करू?"

"काही नको करू. पाठीवर हात ठेव."

युरानिसनं हात ठेवला. तवा तापलाय का बघताना ठेवतात तसा, अलगद. भोंगा पुन्हा वाजला. नोएमीनं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? लाँच गेली की पुढची उद्या दुपारी, आणि उद्याचं काय, परवाचं काय? तिनं युरानिसच्या केसांवरून हात फिरवला आणि आम्ही निघालो.

मळ्यातून नदीकडे बंधाऱ्याचा उतार आहे. पेट्रोल वाचवायला तिथले चालक उतारावर इंजिन बंद करतात. गाडी गुपचूप घरंगळत होती, आणि मागून सालोमेचं रडणं येत होतं.

"ऐकू येतंय?" नोएमीनं विचारलं. ती मागे वळून बघत नव्हती.

"येतंय."

ताडांची एक रांग गेली, दुसरी गेली.

"अजून रडतेय ना?"

"रडतेय."

"चांगलं आहे," ती म्हणाली. "रडू दे तिला. थांबली नाही म्हणजे झालं." छत्री मांडीवर आडवी धरून ती बसली होती, दोन्ही हातांनी घट्ट. खाली नदी दिसायला लागली. लाँचवाला दोर सोडत होता.

"अजून?" तिनं विचारलं.

मी कान दिला. नुसता वारा होता, ताडांची पानं होती.

"अजून," मी म्हणालो.